कमी बजेटमध्ये छोटी मासेमारी होडी घेताय? आधी ती किती डुलते ते बघा!

मोबाईल घेताना आपण रॅम, बॅटरी, कॅमेरा सगळं तपासतो. पण ज्या वस्तूवर घर चालतं आणि जीवही अवलंबून असतो, ती होडी घेताना बरेच जण फक्त दोनच गोष्टी विचारतात: किंमत किती आणि इंजिन किती एचपीचं? गेल्या वर्षी मामासाठी होडी शोधताना मीही हीच चूक करणार होतो. म्हणून आजचा हा लेख.

माझा मामा आचऱ्याच्या खाडीत मासेमारी करतो. त्याची जुनी लाकडी होडी अरुंद होती. एका संध्याकाळी पाग टाकताना तो आणि त्याचा मुलगा एकाच बाजूला झुकले आणि होडी उलटली. पाणी छातीभर होतं म्हणून दोघं वाचले. जाळं, डबा, मोबाईल, सगळं गेलं. महिन्याभरात मामाचा फोन आला, "झिला, एक होडी स्वस्तात गावता हा. बघूक येतंस?" हातात एकूण दीड लाख रुपये होते, त्यातच होडी आणि इंजिन दोन्ही बसवायचं होतं.

होडी स्थिर राहते म्हणजे नेमकं काय होतं?

होडीवर दोन जोर काम करतात. होडी, माणसं आणि माल यांचं वजन एका बिंदूतून खाली ओढतं. हा गुरुत्वमध्य. पाणी दुसऱ्या बिंदूतून वर ढकलतं. होडी उजवीकडे कलली की उजवी बाजू पाण्यात जास्त बुडते, त्यामुळे पाण्याचा जोरही उजवीकडे सरकतो आणि होडीला परत सरळ करतो. होडी जितकी रुंद, तितका हा जोर जास्त सरकतो.

आता गंमत बघा. लांबी आणि वजन तेवढंच ठेवलं, तर पाण्याकडून मिळणारा हा आधार रुंदीच्या घनाप्रमाणे वाढतो. ४ फुटांचा घन ६४ आणि ५ फुटांचा १२५. म्हणजे रुंदी फक्त एक फूट वाढली आणि आधार जवळजवळ दुप्पट झाला! म्हणून बजेट कमी असेल तर लांबीच्या मागे लागू नका, रुंदी बघा.

दुसरी बाजू वजनाची. माणूस बसलेला असतो तेव्हा गुरुत्वमध्य खाली असतो. पाग टाकायला तो उभा राहिला की गुरुत्वमध्य वर जातो आणि होडी लगेच हलकी वाटायला लागते. मामाच्या बाबतीत नेमकं हेच झालं: अरुंद होडी, दोघं उभे आणि दोघं एकाच बाजूला.

कोकणात यावर जुना उपाय आहेच, तो म्हणजे उलांडी. होडीच्या एका बाजूला दोन आडव्या दांड्यांना बांधलेला लाकडी ओंडका. अरुंद होडीची रुंदी कमी खर्चात वाढवण्याची ही युक्ती आहे. पण खाडीत कांदळवनाच्या फांद्यांतून जाताना ती अडकते. शिवाय मामाला दोन्ही बाजूंनी जाळं ओढायचं होतं, म्हणून आम्ही रुंद होडीच शोधली.

तळ कसा असावा?

सपाट तळाची होडी शांत पाण्यात सगळ्यात स्थिर वाटते आणि उथळ पाण्यातही चालते. पण लाट आली की ती आपटते. इंग्रजी व्ही अक्षरासारखा तळ लाट छान कापतो, पण उभी असताना होडी जास्त डुलते आणि पाणीही जास्त खोल लागतं. खाडी, तलाव, धरण यासाठी सपाट किंवा किंचित व्ही तळ पुरतो. तुम्ही खाडीच्या मुखाबाहेर समुद्रात जाणार असाल तर हा हिशोब बदलतो. तिथे उंच नाळ आणि उंच काठ हवेतच.

विकत घेण्याआधी अर्ध्या तासाची तपासणी

१. डुलवून बघा. होडी पाण्यात असताना काठ हाताने दाबून सोडा. ती चटकन, झटक्याने परत आली तर चांगलं. सावकाश कलून, तिथेच रेंगाळून मग परत येत असेल तर सावध व्हा. हीच तपासणी माणसं आणि वजन भरूनही करा.

२. उभं राहा. दोन माणसं एकाच काठाकडे सरकून उभी राहा. पाणी काठापासून किती खाली राहतं ते बघा. पूर्ण भरल्यावर निदान एक फूट काठ पाण्याबाहेर हवा, ही अट आम्ही आधीच ठरवली होती.

३. नाणं वाजवा. फायबरच्या होडीवर सगळीकडे नाण्याने टकटक करा. आवाज टणक आला तर ठीक. कुठे भद्द आवाज आला तर आतले थर सुटलेत किंवा पाणी शिरलंय.

४. इंजिन लावायची फळी हलवून बघा. बऱ्याच फायबर होड्यांत मागच्या भिंतीत प्लायवूड असतं. ते कुजलं की बाहेरून कळत नाही, पण इंजिन सुरू झालं की भिंत हलते. मामाला स्वस्तात मिळणारी ती होडी इथेच नापास झाली.

५. लाकडी होडी असेल तर तळाला सुरीचं टोक टोचून बघा. लाकूड पोखरणारे किडे बाहेर बारीक छिद्र ठेवतात आणि आत बोगदे करतात.

इंजिन मोठं हवं का?

मामाला १५ एचपी हवं होतं. पण पाण्यात बसून चालणाऱ्या होडीचा वेग तिच्या लांबीने बांधलेला असतो. १६ फुटांच्या होडीला तो साधारण साडेपाच नॉट, म्हणजे ताशी १० किलोमीटर. त्यापुढे जास्त ताकद लावली तर वेग थोडाच वाढतो, पेट्रोल मात्र भराभर जातं. शिवाय मोठं इंजिन मागे जड पडतं. आम्ही जुनं ५ एचपीचं घेतलं, वजन साधारण २५ किलो.

सगळ्यात स्वस्त सुरक्षा

फायबर पाण्यापेक्षा जड असतं. होडीत पाणी भरलं तर ती बुडते. आत थोडं पाणी साचलं तरी धोका असतो, कारण ते कललेल्या बाजूकडे धावतं आणि होडी आणखी कलते. म्हणून पाणी सारखं उपसत राहा.

बुडू नये म्हणून आम्ही काय केलं? १५० किलोच्या फायबर होडीचं पाण्याखालचं वजन साधारण एक तृतीयांश, म्हणजे ५० किलो भरतं. त्यात इंजिनाचे २५. झाकण घट्ट लावलेला २० लिटरचा रिकामा कॅन जवळजवळ २० किलो उचलतो. असे ८ कॅन दोन्ही बाजूंना, बाकांखाली काठालगत घट्ट बांधले. होडी भरली तरी ती तरंगेल आणि धरायला आधार राहील. उन्हाने कॅन तडकतात, म्हणून दर हंगामाआधी तपासा. लाइफ जॅकेट मात्र वेगळं हवंच.

कागद विसरू नका

जुनी होडी घेताना नोंदणी आणि मासेमारी परवाना तुमच्या नावावर होतो की नाही ते आधी बघा. महाराष्ट्रात समुद्री मासेमारीला १९८१ चा कायदा लागू आहे आणि १ जूनपासून पावसाळी बंदी सुरू होते. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत सर्वसाधारण गटाला ४० टक्के, तर महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के मदत ठरवण्यात आली होती. पैसे देण्याआधीच मत्स्यव्यवसाय कार्यालयात चौकशी करा.

शेवटी आम्ही १६ फूट लांब, ५ फूट रुंद अशी जुनी फायबर होडी घेतली. रंग उडालेला आहे, दिसायला अगदी साधी आहे. पहिल्या दिवशी मामा तिच्यात उभा राहिला, मुलाला मुद्दाम एका काठाला उभं केलं आणि पाग टाकला. होडी थोडी कलली आणि लगेच सरळ झाली. मामा काही बोलला नाही, फक्त दुसऱ्यांदा पाग टाकला.