भाजी आभाळातून उतरली तर?

भोपळ्यात बसून लेकीकडून परतणाऱ्या म्हातारीची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलीय. भोपळा पळतो कसा, हे त्या गोष्टीत कुणी विचारत नाही. पण मूल सहा-सात वर्षांचं झालं की विचारतं, "एवढा भोपळा कुठे असतो? त्याला चाकं होती का?" आपण भाकऱ्या थापत असतो. म्हणतो, "गप ऐक!" मुलगी असली तर जरा जास्तच लवकर म्हणतो. खरं म्हणजे त्या वेळी तिला विज्ञानकथा हवी असते.

नाव ऐकून घाबरू नका. जे अजून घडलेलं नाही ते घडलं असं धरायचं, आणि तिथून पुढे मात्र कारण शोधत जायचं, एवढंच. जयंत नारळीकरांनी मराठीत अशा छान कथा लिहिल्या, पण त्या वाचायला अक्षरओळख पक्की लागते. लहानांना चित्रांचं पुस्तक बरं.

अमेरिकेतल्या डेव्हिड वीझनर यांनी असं एक पुस्तक 1992 साली केलं. त्यात हॉली नावाची शाळकरी मुलगी आहे. आभाळात उंचावर भाजी कशी वाढते, हे तिला पाहायचंय. म्हणून ती भाज्यांची रोपं फुग्यांना बांधून वर सोडते. काही आठवड्यांनी आभाळातून राक्षसी भाज्या उतरू लागतात! सलगम केवढा, काकड्या केवढ्या! हॉलीच्या परसात तर ब्रोकोलीच येऊन बसते. सगळे खूश, लोक त्या भाज्यांचा धंदाही करायला लागतात.

आणि मग हॉलीच्या लक्षात येतं की यातली एक पालेभाजी आपण लावलीच नव्हती. मग या भाज्या आपल्या नाहीत. कुणाच्या?

इथे पुस्तक मिटा, बरं का. लगेच पान उलटू नका. "तुला काय वाटतं?" म्हणून विचारा आणि येईल ते उत्तर ऐका. "देवाने टाकल्या" म्हणाली तरी हसू नका. "बरं, मग ते कसं कळेल?" एवढंच पुढे विचारा. आपण बी पेरतो तेव्हा काय पेरलं ते ध्यानात ठेवतो, आणि वेगळंच उगवलं तर दुकानदाराला जाब विचारतो. हॉलीने तेच केलं. पुढे उलगडा होतो तो असा: परग्रहावरच्या यानातल्या स्वयंपाक्याच्या मदतनिसाने चुकून सगळा भाजीपाला बाहेर सोडून दिलेला असतो! हॉलीची इवलीशी रोपं कुठे गेली, ते शेवटच्या चित्रातून मुलांनाच शोधू द्या.

"मला वाचता येत नाही, मी काय सांगणार?" असं गटात कुणीतरी म्हणतंच. चित्र बघायला अक्षर लागत नाही. आईला वाचता येत नसलं की ती मुलाइतकीच बारकाईने चित्र बघते, हा तर फायदाच म्हणायचा. हे पुस्तक मिळालं नाही तर पाटीवर फुगे आणि रोपं काढा, गोष्ट होते. फोनवर स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी चित्रपुस्तकं फुकट मिळतात.

आणि अशा गोष्टी बायकांच्या नाहीत, असंही समजू नका. बंगालच्या रुकैया हुसेन यांनी 1905 साली 'सुलतानाज ड्रीम' ही कथा लिहिली. तिच्यात राज्य बायकांचं आहे, त्या ढगांतून पाणी काढतात आणि उन्हावर स्वयंपाक करतात. सोलर चूल आज आपल्याला नवलाची नाही, पण त्या काळी ती कुठल्या घरात होती? रुकैयांना इंग्रजी शिकवलं ते त्यांच्या भावाने, घरच्यांच्या नकळत. पुढे त्यांनी कलकत्त्यात मुलींची शाळा चालवली. दुर्गाबाई व्याम या गोंड चित्रकर्तीने या कथेसाठी चित्रं काढली आहेत. ही कथा जरा मोठ्या मुलींना सांगा, आणि गटाच्या बैठकीतही चालेल. पाणी ढगातून काढायचं तर नळी किती लांब लागेल, यावर भांडण होऊ द्या.