निवडून घ्यायची पावडर

मराठीत ‘निवडणे’ या क्रियापदाला दोन अर्थ आहेत. दुकानात चार साड्यांतून एक बाजूला काढतात, ती एक निवड. सुपात तांदूळ पसरून त्यातले खडे, टरफले, किडके दाणे वेचून काढतात, तेही निवडणेच. व्हे प्रोटीनचा डबा घ्यायला गेलेला माणूस बहुधा पहिल्या अर्थाने निवडतो. कोणता ब्रँड, कोणती चव, डब्यावर कोणाचे दंड, आणि जिममधला ट्रेनर काय म्हणाला, यावर त्याचे दोन-चार हजार रुपये खर्च होतात. माझ्या मते ही वस्तू दुसऱ्या अर्थाने निवडायची आहे. तिच्याकडे औषध म्हणून किंवा जादूची पूड म्हणून पाहण्यापेक्षा वाण्याकडच्या डाळीसारखे पाहावे, म्हणजे काय तपासायचे ते आपोआप सुचते. आणि तपासायला लागले की लक्षात येते, डब्यात जितके घटक कमी, तितके पारखणे सोपे. दुधाच्या प्रथिनाखेरीज आत घातलेली प्रत्येक गोष्ट ही खडा लपायची एक जागा असते.

मुळात हे व्हे म्हणजे काय, ते आधी पाहू. दुधातल्या प्रथिनांपैकी साधारण ८० टक्के केसिन असते आणि २० टक्के व्हे. चीज करताना दुधाला विरजण व रेनेट हे दूध साकळवणारे एन्झाइम लावले की केसिनचा गोळा बनतो आणि व्हे प्रथिने खालच्या हिरवट-पिवळ्या निवळीत राहतात. दहा लिटर दुधातून चीज निघते किलोभर आणि निवळी उरते नऊ लिटर. युरोप-अमेरिकेतल्या चीज कारखान्यांना कित्येक वर्षे या निवळीची ब्यादच होती. ती डुकरांना पाजत, शेतात सोडत, नाही तर नदीत ओतत आणि नदीतला प्राणवायू संपवत. १९७०च्या दशकात अल्ट्राफिल्ट्रेशनचे, म्हणजे अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून गाळण्याचे तंत्र दुग्धव्यवसायात रुळले. पाणी, क्षार आणि साखर पडद्यापलीकडे गेली, प्रथिने अलीकडे राहिली, आणि कालची सांडपाण्याची डोकेदुखी आजचा महागडा माल झाली. आपल्याकडे एक समजूत आहे की घरी पनीर केल्यावर उरणारे पाणी म्हणजे फुकटचे व्हे प्रोटीन. तसे नाही. पनीरसाठी दूध जवळजवळ उकळत्या तापमानाला नेतात, त्या उष्णतेने व्हे प्रथिनांची घडी मोडते आणि ती केसिनला चिकटून पनीरमध्येच बसतात. ते पाणी कणीक भिजवायला उत्तम, पण त्यात प्रथिन जेमतेम. चीजच्या निवळीतसुद्धा लिटरमागे सहा-आठ ग्रॅमच असते, म्हणून तर एवढे गाळावे लागते.

किती गाळले आणि पुढे काय प्रक्रिया केली, यावरून तीन प्रकार पडतात. कॉन्सन्ट्रेटमध्ये, त्याच्या नेहमीच्या चांगल्या प्रतीत, ८० टक्क्यांच्या आसपास प्रथिन असते. आयसोलेटमध्ये ९० टक्के किंवा थोडे अधिक. हायड्रोलायझेट म्हणजे एन्झाइमने आधीच तुकडे केलेले प्रथिन, चवीला कडू आणि किमतीला सर्वांत चढे. सामान्य ग्राहकाने त्याच्या वाटेला जाण्याचे कारण नाही. खरा प्रश्न पहिल्या दोघांतला, आणि तिथे दुकानदार ‘दूध पचत नसेल तर आयसोलेटच घ्या’ असे सांगून बिल वाढवतो. हिशेब केला तर चित्र वेगळे दिसते. चांगल्या कॉन्सन्ट्रेटच्या ३० ग्रॅमच्या स्कूपमध्ये लॅक्टोज, म्हणजे अनेकांना न पचणारी दुधातली साखर, एक-दोन ग्रॅम असते, आणि पाव लिटर दुधात बारा ग्रॅम. ज्याला चहातले दूध आणि वाटीभर दही चालते, त्याला त्या दोन ग्रॅमचा त्रास होण्याची शक्यता कमीच. फारच नाजूक पोट असलेल्यांसाठी आयसोलेटचे पैसे सार्थकी लागतात. मात्र ज्यांना दुधाच्या प्रथिनाचीच अ‍ॅलर्जी आहे, त्यांच्यासाठी दोन्ही वर्ज्य. आयसोलेट म्हणजे तर नेमके तेच प्रथिन, आणखी शुद्ध केलेले.

आता खड्यांकडे वळू. डब्यावर ‘प्रथिने २४ ग्रॅम’ असे लिहिलेले असते, तो आकडा येतो कुठून? बहुतेक वेळा प्रथिन थेट मोजलेलेच नसते, नायट्रोजन मोजलेला असतो. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग बीअर कारखान्याच्या प्रयोगशाळेत योहान क्येल्डाल या रसायनशास्त्रज्ञाने १८८३ मध्ये ही पद्धत दिली. पदार्थातला नायट्रोजन काढायचा, दुधाच्या बाबतीत त्याला ६.३८ ने गुणायचे, आलेले उत्तर प्रथिन मानायचे. प्रामाणिक दुधासाठी पद्धत झकास आहे. पण तिला नायट्रोजन कळतो, त्याचा बाप कळत नाही. २००८ मध्ये चीनमध्ये पाणी घातलेल्या दुधात मेलामाइन मिसळले गेले ते याच फटीतून. मेलामाइन हे प्लास्टिक उद्योगातले रसायन, त्याच्या वजनाचा दोन तृतीयांश भाग नायट्रोजनच असतो. चाचणीत दूध सकस ठरले आणि जवळपास तीन लाख बालके आजारी पडली, सहा दगावली. व्हे पावडरमध्ये इतके भयंकर सहसा कोणी घालत नाही, पण युक्ती तीच वापरता येते. ग्लायसिन आणि टॉरिन ही स्वस्त अमिनो आम्ले. व्हे प्रथिनात नायट्रोजन सोळा टक्क्यांच्या आतबाहेर, ग्लायसिनमध्ये तो पावणेएकोणीस टक्के. म्हणजे ग्लायसिन मिसळले की कागदावरचे प्रथिन वाढते, आणि स्नायूंच्या कामाचे प्रथिन तेवढेच कमी होते. धंद्यात याला अमिनो स्पायकिंग म्हणतात. दुधात पाणी घालण्याचाच हा शिकलेला भाऊ.

हा खडा वेचायला प्रयोगशाळेआधी साधे वाचन पुरते. भारतात पाकिटावर घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापण्याचा नियम आहे. यादीत पहिले नाव व्हे कॉन्सन्ट्रेट किंवा आयसोलेट असायला हवे. माल्टोडेक्स्ट्रिन वरच्या जागी असेल तर आपण पिष्टाचे पैसे देत आहोत. मास गेनर नावाने विकले जाणारे बरेचसे डबे याच जातीचे. यादीत ग्लायसिन, टॉरिन, क्रिएटिन वेगळे लिहिलेले दिसले, किंवा ‘विशेष मिश्रण’ असे भारदस्त नाव देऊन आतले प्रमाण झाकलेले दिसले, तर डबा खाली ठेवावा. क्रिएटिन वाईट नाही, ते हवे असेल तर वेगळे आणि स्वस्तात मिळते. प्रथिनाच्या आकड्यात त्याला बसवायचे कारण नाही. मग अमिनो आम्लांचा तक्ता पाहावा. अस्सल व्हेच्या १०० ग्रॅम प्रथिनात ल्युसिन दहा-अकरा ग्रॅम असते आणि ग्लायसिन दोनच्या आतबाहेर. म्हणजे २४ ग्रॅम प्रथिनाच्या स्कूपमध्ये ल्युसिन अडीच ग्रॅमच्या आसपास भरायला हवे. ते दीडच ग्रॅम दिसत असेल, तर उरलेली जागा कशाने भरली हे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे. तक्ताच नसेल, तर उत्तर मिळाल्यासारखेच. आणि ‘एका स्कूपमध्ये २५ ग्रॅम’ या वाक्यावर भुलण्यापूर्वी स्कूप केवढा ते पाहावे. ३० ग्रॅममध्ये २४ म्हणजे ८० टक्के, ४० ग्रॅममध्ये २५ म्हणजे साडेबासष्ट. दुसऱ्या डब्यावरचा आकडा मोठा, माल हलका.

यावर कोणी म्हणेल, लेबलच खोटे असेल तर वाचून काय उपयोग? आक्षेप रास्त आहे. केरळमधल्या डॉक्टरांच्या पुढाकाराने झालेला आणि २०२४ मध्ये ‘मेडिसिन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला एक अभ्यास भारतात खपणाऱ्या ३६ प्रोटीन पावडरींचा होता. त्यांपैकी जवळपास ७० टक्के नमुन्यांत लेबलवरचा आणि प्रत्यक्षातला प्रथिनाचा आकडा जुळला नाही, काहींत तर निम्मेच भरले. १४ टक्के नमुन्यांत बुरशीपासून येणारे अफ्लाटॉक्सिन सापडले. त्यात सगळी व्हे नव्हती, वनस्पतिज आणि जडीबुटी मिसळलेली उत्पादनेही होती, पण ग्राहकाच्या भाबडेपणाला धक्का द्यायला एवढे पुरे. मग विश्वास कशावर ठेवायचा? अन्नसुरक्षा नियामक एफएसएसएआयचा १४ आकडी परवाना क्रमांक असावाच, तो त्यांच्या संकेतस्थळावर पडताळताही येतो. पण त्याने धंदा नोंदलेला आहे एवढेच कळते, हातातला डबा कोणी तपासला असे त्यातून निघत नाही. त्यापेक्षा बॅचनिहाय अहवाल देणारा उत्पादक धरावा. डब्यावरचा बॅच क्रमांक आणि अहवालावरचा क्रमांक एकच हवा, प्रयोगशाळा बाहेरची आणि एनएबीएल मान्यताप्राप्त हवी, आणि अहवालात नायट्रोजनबरोबर अमिनो आम्लांची व जड धातूंची मोजणीही हवी. स्पर्धात्मक खेळाडूंनी ‘इन्फॉर्म्ड स्पोर्ट’सारखे शिक्के पाहणे गरजेचेच, कारण उत्तेजकविरोधी नियमांत शरीरात सापडलेल्या द्रव्याला खेळाडू स्वतः जबाबदार असतो, ‘डब्यात होते’ ही सबब चालत नाही. घरगुती चाचण्यांवर मात्र फार विसंबू नये. टिंक्चर आयोडीनचा थेंब निळा-काळा झाला तर पिठाची भेसळ कळते. साखर आणि ग्लायसिन त्यातून निसटतात. पावडर पाण्यात चटकन विरघळते की गुठळ्या होतात, यावरून तर काहीच ठरत नाही. ती सोय लेसिथिन घालून करून घेतलेली असते.

भाव डब्यावर न लावता प्रथिनाच्या ग्रॅमवर लावावा. समजा, बिनचवीचे ८० टक्क्यांचे कॉन्सन्ट्रेट किलोला दोन हजार रुपयांना मिळाले, तर ग्रॅमला अडीच रुपये पडले. ७२ टक्क्यांचे चॉकलेटी मिश्रण सव्वीसशेला घेतले, तर ग्रॅमला साडेतीन रुपयांच्या वर. ६० रुपये लिटरच्या दुधात ३२ ग्रॅम प्रथिन असते, म्हणजे ग्रॅमला दोन रुपयेही नाहीत. दीडशे रुपये किलोच्या सोया वड्यांत किलोमागे ५२० ग्रॅम, म्हणजे ग्रॅमला तीस पैसे. परदेशी डबा चांगलाच असतो असे न समजता तोही याच गणितात बसवून पाहावा. शिवाय प्रसिद्ध परदेशी नावांची नक्कल करण्यातच नकली मालवाल्यांचा फायदा असतो. अशा डब्यावर आयातदाराचे नाव-पत्ता आणि त्याचा परवाना क्रमांक नसेल, तर सवलत कितीही असो, तो घेऊ नये.

ही आकडेमोड पाहून सर्वांत मोठा आक्षेप पुढे येतो, की मग पावडर हवीच कशाला? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत प्रोटीन पावडरींबाबत सावधच केले आहे. त्यांत साखर, कृत्रिम गोडी आणि स्वाद असतात, आणि व्यायाम करणाऱ्यांनाही किलोमागे १.६ ग्रॅमपलीकडे प्रथिन वाढवून जास्तीचा फायदा दिसत नाही, असे तिचे म्हणणे. ते मला बहुतांशी पटते. डबा घेणाऱ्यांतल्या पुष्कळांना त्याची गरज नसते. प्रौढाला दिवसाला वजनाच्या किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिन लागते, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ५० ग्रॅम. चार पोळ्या, मुदभर भात, दोन वाट्या दाट आमटी किंवा उसळ, अर्धा लिटर दूध-दही आणि मूठभर शेंगदाणे एवढ्यात ते भागते. धान्यात लायसिन कमी, डाळीत मेथिओनिन कमी, आणि वरण-भात एकमेकांची उणीव भरून काढतात, हेही खरे. पण या यादीत ‘दाट’ हा शब्द महत्त्वाचा आहे. आपल्या वरणाच्या वाटीत कित्येकदा चारच ग्रॅम प्रथिन असते. दूध वगळले तर आकडा चाळिशीच्या खाली येतो. नेमाने वजने उचलणाऱ्या त्याच माणसाला १.६ च्या हिशेबाने ९६ ग्रॅम लागतात, आणि शाकाहारात तेवढे बसवताना पोट आधी भरते. ज्येष्ठांसाठीही तज्ज्ञ किलोमागे एक ते सव्वा ग्रॅम सुचवतात, नेमकी तेव्हाच भूक मंदावलेली असते. कवळीखाली उसळ चावेना, अशा आजोबांना ताकातून मिळालेला एक स्कूप हा जिममधल्या विशीच्या पोरापेक्षा जास्त उपयोगी पडेल, थोडे चालणे-उठबस चालू असेल तर. ज्यांच्या मूत्रपिंडाचा आजार नोंदलेला आहे, त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय डबा उघडू नये. निरोगी मूत्रपिंड बेताच्या प्रथिनाने बिघडते असे दिसलेले नाही. तेव्हा आधी आठवडाभर खाल्लेले लिहून काढावे, तूट किती ग्रॅमची ते पाहावे, आणि तेवढेच प्रथिन मिळेल इतके व्हे घ्यावे. पोषण संस्थेचा साखर-स्वादांवरचा आक्षेप बिनचवीच्या, एकाच घटकाच्या डब्याला लागूच होत नाही, हेही लक्षात ठेवावे.

बिनचवीचे व्हे पिववत नाही, अशी एक तक्रार असते. पाण्यात ढवळून प्यायले तर ती खरीही आहे, पातळ दूध-पावडरीसारखे लागते. पण ताकात जिरेपूड आणि मीठ घालून, केळ्याच्या शिकरणीत, किंवा कोमट झालेल्या नाचणीच्या आंबिलीत ते मिसळून जाते. फक्त उकळत्या चहात किंवा चुलीवरच्या खिरीत टाकू नये. सत्तर अंशांच्या वर व्हे साकळते आणि गुठळ्या होतात. पोषण जात नाही, पण घशाखाली उतरत नाही. डबा घट्ट बंद करून गॅसपासून लांब ठेवावा आणि पावडर कोरड्या चमच्यानेच काढावी, पावसाळ्यात विशेषच. आणि संपल्यावर भंगारवाल्याला देण्यापूर्वी लेबल फाडून झाकणाला भोक पाडावे. नकली माल भरायला अस्सल रिकामा डबा लागतो, आणि तो आपल्याच घरातून गेलेला असू शकतो.