जुनेराचा आहेर

आपल्याकडे आहेर करायचा तो कोऱ्या कापडाचा. खण असो, धोतरजोडी असो की नुसती टॉवेल-टोपी, घडी मोडलेली चालत नाही. अंगावरून उतरलेलं लुगडं जातं ते कामवाल्या बाईकडे, नाहीतर भांड्याच्या बदल्यात बोहारणीकडे. बरोबरीच्या बाईला ते दिलं तर कायमचा अबोला ठरलेला. आणि तरीही चार-पाच घरच्या विटक्या लुगड्यांची शिवलेली वाकळ मैत्रिणीला मानानं देता येते. घेणारीही ती हळदीकुंकवाच्या हातानं घेते. हे कसं काय, एवढ्या एका प्रश्नापायी मी होटगी आणि आसपासच्या गावांमधून वाकळी बघत, बायकांशी बोलत हिंडते आहे. कॉलेजची पायरी मी चढले नाही. पण या प्रश्नासाठी त्या पायरीपेक्षा ओसरीचा उपयोग जास्त झाला.

गोधडीवर लिहिणारे बहुतेक जण काटकसरीपाशी तरी थांबतात, नाहीतर रंगसंगतीपाशी. ती कोणी कोणाला दिली, हे विचारायचं राहून जातं.

होटगीत हा प्रश्न पडायला कारण आहे. हे रेल्वेचं जंक्शन. मुंबईहून मद्रासकडे जाणारा मोठा मार्ग आणि विजापूरवरून गदगला जाणारा मीटरगेज इथे एकमेकांना भेटत. रुळांची रुंदी वेगळी, त्यामुळे माल एका डब्यातून दुसऱ्यात चढवावा लागे आणि उतारूंनाही गाडी बदलावी लागे. त्या कामानं माणसं आणली. मराठी, कन्नड, तेलुगू, दखनी उर्दू बोलणारी घरं भिंतीला भिंत लावून राहिली. मराठीत जी वाकळ, तीच कन्नडमध्ये कौदी. एकाच ओसरीवर दोन्ही शब्द चालतात आणि कोणी कोणाला दुरुस्त करत नाही.

वाकळीत काय सापडतं? इरकलीचा टोपे-तेणीचा लाल-पांढरा पदर सापडतो, गुळेदगुड्डच्या खणाचे तुकडे सापडतात. खण चोळीला बेतताना निघालेले त्रिकोण कोपऱ्याला बसवलेले असतात. सोलापुरी चादरीची फाटकी पट्टी आत भर म्हणून घातलेली असते. रेल्वेच्या गणवेशाचं खाकी आणि निळं कापड तर असतंच. 1877 साली सुरू झालेल्या सोलापुरातल्या जुन्या मिलमध्ये आणि तिच्यामागून आलेल्या गिरण्यांमध्ये कामाला गेलेल्या घरांत जाडंभरडं सुती कापड मुबलक असे, तेही इथे उतरलेलं आहे.

शिवायची रीत साधी, पण तिच्यात हिशेब आहे. नऊवारी लुगडं साधारण आठ मीटर भरतं. चार घड्या केल्या की माणसाच्या लांबीची दोन मीटरची पट्टी होते. लुगडं सगळीकडे सारखं विरत नाही. बसण्या-उठण्यानं मधला भाग जातो, काठ आणि पदर टिकतात. म्हणून विरलेलं आत आणि काठ-पदर वर. थर जमिनीवर अंथरून, सुरकुत्या काढून, आधी लांब कच्चे टाके घालतात. मग कडेपासून धावदोरा सुरू होतो आणि चौकोनात चौकोन करत मध्यावर येतो. नवं आणि जुनं कापड शेजारी लावत नाहीत. कोरं कापड पहिल्या धुण्यात आटतं आणि शेजारच्या जुन्याला ओढून फाडतं. जुनेराचं आटणं केव्हाच होऊन गेलेलं असतं. म्हणजे चांगल्या वाकळीला वापरलेलंच कापड लागतं; गरिबी हे त्याचं एकमेव कारण नव्हे.

भेटीची वाकळ एकटीनं होत नाही. उन्हाळ्यात, शेतातली कामं उरकल्यावर, बायका सावडीनं बसतात: आज माझी, परवा तुझी. ज्या मैत्रिणीची बदली झाली, जिची मुलगी बाळंतपणाला आली, जिनं आजारपणात भाकरी पोचवली, तिच्यासाठी प्रत्येक घरातून एखादं जुनेर येतं. नवऱ्याच्या बदलीमुळे गदगकडे निघालेल्या शेजारणीला दिलेल्या वाकळीत लिंगायत, पद्मशाली, मुसलमान आणि मराठा घरची कापडं होती, असं मला एका आक्कांनी बोटं मोडून मोजून दाखवलं. एरवी यांतल्या काही घरी एकमेकींकडचं पाणीही जपून प्यायलं जाई.

माझ्या प्रश्नाचं उत्तर मला पाळण्यापाशी मिळालं. नवजात बाळाला आपण कोरं कापड घालत नाही. आजीचं मऊ लुगडं फाडून त्याची दुपटी, लंगोट करतो. वापरलेलं कापड जिथे अपमान न होता दिलं जातं अशी जागा एकच, आपलं घर. त्यामुळे जिला जुनेर द्यायचं, तिला आधी घरातलं मानावं लागतं. कोरा आहेर पाहुणीला, जुनेराची वाकळ घरच्या बाईला. शेजारीण नात्यात बसत नसेल, तर वाकळ तिला नात्यात आणून बसवते. बोहारणीला दिलेलं आणि मैत्रिणीला दिलेलं लुगडं एकाच पेटीतून निघालं असेल. फरक मधल्या दोन-तीन महिन्यांच्या शिवणकामाचा.

अमेरिकेत 1840 च्या दशकात मैत्रिणींनी मिळून शिवलेल्या गोधड्यांची मोठी लाट आली होती. दूर पश्चिमेला निघालेल्या बाईला त्या देत आणि प्रत्येक तुकड्यावर देणारीचं नाव न पुसणाऱ्या शाईनं लिहीत. आपल्याकडे नाव कुठेच नसतं. ज्या पिढीला लिहिता येत नव्हतं, तिनं शिवलेली ही वस्तू. पण नावाची गरजही नव्हती: हा हिरवा काठ कोणाचा, हे खाकी कोणत्या भावजींचं, हे पाहताक्षणी कळे. कापड हीच सही.

अडचण इथेच आहे. सही ओळखणाऱ्या बायका आता सत्तरी-ऐंशीच्या आहेत. संग्रहात गेलेल्या गोधडीसोबतच्या चिठ्ठीवर लांबी, रुंदी, ‘सुती, हातशिलाई’ एवढं असतं. कोणाचं कापड, कोणी दिलं, कोणाला दिलं, याची ओळ नसते. मी वाकळीचा कागदावर नकाशा काढते आणि मालकिणीला एकेका तुकड्यावर बोट ठेवायला सांगते. एका वाकळीला दुपार जाते. बोट ठेवता ठेवता भांडणं, बदल्या, बाळंतपणं सगळं बाहेर येतं. ते वेगळ्या वहीत.

नायलॉन आणि पॉलिस्टरच्या साड्या आल्यापासून जुनेरच मिळेनासं झालं. त्या फाटत नाहीत, मऊ पडत नाहीत, घाम टिपत नाहीत, आणि थरांमध्ये सुळसुळत सरकतात. त्यामुळे भेटीच्या गोधड्या आता शिंप्याकडच्या कोऱ्या चिंध्यांच्या, मशीनवर मारलेल्या असतात. दिसायला देखण्या, पण त्यांच्यावर बोट ठेवून सांगण्यासारखं काही नसतं. होटगीतल्या एका बाई अशा गोधड्या मैत्रिणींना शिवून देतात. मशीनवर घालण्याआधी त्या स्वतःच्या जुन्या सुती साडीची चार बोटं रुंद पट्टी आतल्या थरात टाचतात. बाहेरून ती दिसत नाही. घेणारीला मात्र कोणत्या कोपऱ्यात आहे ते सांगून ठेवतात.