तिशीत म्हातारी, सत्तरीत रंगमंचावर

पडेगावहून बोलतेय. संध्याकाळच्या भाकरी थापता थापता आपल्यातल्या कितीतरी जणींनी वर्षानुवर्षं एक मालिका पाहिली, 'चार दिवस सासूचे'. ईटीव्ही मराठीवर २००१ साली सुरू झाली, २०१३च्या जानेवारीत संपली. तीन हजारांवर भाग झाले. त्यातल्या आशा देशमुख म्हणजे रोहिणी हट्टंगडी. गटाच्या बैठकीत नाव काढलं की बाया विचारतात, "ती सासू ना?" तीच. पण सासू व्हायच्या आधी त्यांनी काय काय केलं, ते आज सांगते.

जन्म १९५१चा, पुण्याचा. माहेरचं आडनाव ओक. १९७१ साली त्या दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात गेल्या, इब्राहिम अल्काझी यांच्या हाताखाली तीन वर्षं शिकल्या. नटी उपजतच असते असं आपण म्हणतो. पण शिवणकाम शिकावं लागतं, तसंच आवाज, चाल, उठणं-बसणंही शिकावं लागतं. तिथंच सोबत शिकणारे जयदेव हट्टंगडी पुढं त्यांचे पती झाले.

नाटकात एकदा पडदा उघडला की थांबता येत नाही. शेवटच्या रांगेतल्या बाईलाही शब्द ऐकू गेला पाहिजे. सिनेमात उलटं. कॅमेरा तोंडाजवळ असतो, पापणी जास्त हलली तरी खोटं दिसतं. शिवाय तिथं गोष्ट क्रमानं घेत नाहीत. सकाळी म्हातारपण, दुपारी तरुणपण, असंही होतं. मालिकेत तर रोजचा रतीब. तालमीला वेळ नाही, पाठांतर जागेवर. तिन्ही ठिकाणी टिकणं म्हणजे तीन वेगळे धंदे सांभाळण्यासारखं आहे.

१९८२ साली 'गांधी' आला. त्यात त्या कस्तुरबा झाल्या. तरुण बायकोपासून चौऱ्याहत्तराव्या वर्षी आगाखान पॅलेसमध्ये प्राण सोडणाऱ्या बापर्यंत, सगळं एकाच बाईनं करायचं. चित्रीकरणाच्या वेळी रोहिणीताईंचं वय जेमतेम तीस. ब्रिटनचा बाफ्टा पुरस्कार त्यांना याच कामासाठी मिळाला.

त्याच वर्षीचा 'अर्थ' मात्र आपल्या गटातल्या प्रत्येकीनं बघावा. त्यात त्या मोलकरीण आहेत. लेकीच्या शाळेसाठी पैसा पैसा साठवतात आणि दारुडा नवरा ते पैसे पळवतो. शेवटी ती त्याचा जीवच घेते. तसं कुणी करू नये, हे सांगायला नकोच. पण साठवलेला पैसा गेल्यावर बाईच्या तोंडावर काय येतं, ते आपण ओळखतो. बचत घरातल्या डब्यात नाही, बँकेच्या खात्यात ठेवा, असं मी प्रत्येक बैठकीत का सांगते, ते तो सिनेमा पाहून कळेल.

मग 'सारांश', १९८४. तरुण मुलगा गमावलेली म्हातारी आई. वय तेहतीस! नवरा झालेले अनुपम खेर तर त्यांच्याहून लहान. दोघांनी केस पांढरे केले, पाठ वाकवली, आणि लोकांना खरंच वाटलं. इतकं खरं वाटलं की पुढं आईच्याच भूमिका येत राहिल्या. १९९०च्या 'अग्निपथ'मध्ये त्या अमिताभ बच्चन यांच्या आई आहेत. अमिताभ यांचा जन्म १९४२चा. म्हणजे आई लेकापेक्षा आठ वर्षांनी लहान! पुरुष पन्नाशीला टेकला तरी नायक आणि बाई चाळिशीच्या आत आई, हा सिनेमाचा हिशेब मला काही पटत नाही. आपल्याकडंही चाळिशीतल्या बाईला "आता काय नवीन शिकतेस?" म्हणतातच की.

रोहिणीताई मात्र त्या हिशेबात अडकून बसल्या नाहीत. 'पार्टी' सिनेमात त्यांनी रंगमंच सोडलेली, दारूत बुडालेली नटी केली आणि राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. 'अपराजिता' हे नाटक तर एकटीनं उभं केलं. नंतर 'होणार सून मी ह्या घरची'मध्ये त्या आईआजी झाल्या. ती आजी घरातल्या सगळ्यांना धाकात ठेवायची, पण आपली वाटायची.

२०२२ साली 'चारचौघी' हे नाटक पुन्हा रंगमंचावर आलं. मूळ नाटक १९९१चं. लेखक प्रशांत दळवी आणि दिग्दर्शक चंद्रकांत कुलकर्णी हे दोघंही आपल्याच शहरातल्या 'जिगीषा'तून पुढं आलेले. यातली आई लग्न झालेल्या माणसाशी संसार करते, लोकांच्या बोलण्याला भीक न घालता तीन मुली वाढवते. ती आई केली रोहिणीताईंनी, एकाहत्तराव्या वर्षी. सोबत मुक्ता बर्वे, कादंबरी कदम, पर्ण पेठे. या वेळी वय दाखवायला केस रंगवावे लागले नाहीत.