गणिताचा स्वाध्याय आणि संगीताची साथ

परीक्षेचा धाक आणि शिक्षकाची देखरेख नसताना गणिताचा अभ्यास रोज चालू ठेवणे हे त्या विषयातील एखाद्या प्रमेयाइतकेच अवघड काम आहे, आणि म्हणूनच स्वतःच्या ओढीने गणित शिकणारे अनेक जण अभ्यासाला बसताना आवडत्या संगीताचा अल्बम लावतात. ही सवय उपकारक आहे की घातक, हे संगीत कोणते आहे, ते केव्हा लावले जाते आणि त्या वेळी गणिताचे नेमके कोणते काम चालू असते, यावर ठरते.

संगीताने बुद्धी तल्लख होते हा लोकप्रिय समज मुख्यतः १९९३ साली ‘नेचर’ या नियतकालिकात आलेल्या एका छोट्या निबंधातून पसरला. फ्रान्सिस राउशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातील ३६ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना मोत्सार्टची दोन पियानोंसाठी रचलेली सोनाटा दहा मिनिटे ऐकवली आणि त्यानंतर लगेच अवकाशीय तर्काची, म्हणजे आकृत्यांच्या घड्या व रचना मनात कल्पून उत्तर देण्याची, चाचणी घेतली. शांत बसल्यानंतर दिलेल्या चाचणीपेक्षा या चाचणीत विद्यार्थ्यांना अधिक गुण मिळाले. हा परिणाम दहा-पंधरा मिनिटांत ओसरत होता, तरीही समज इतका बळावला की १९९८ मध्ये अमेरिकेतील जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी नवजात बालकांच्या घरी अभिजात संगीत पोहोचवण्यासाठी सरकारी निधीचा प्रस्ताव मांडला. पुढे २००१ मध्ये थॉम्पसन, शेलेनबर्ग आणि हुसेन या संशोधकांनी दाखवून दिले की श्रोत्याची मनःस्थिती आणि जागृतावस्था, म्हणजे मनाची तरतरी, हिशेबात घेतली की हा फरक जवळजवळ उरत नाही. या सगळ्या चर्चेत एक बाब सहसा दुर्लक्षित राहते: त्या विद्यार्थ्यांनी संगीत चाचणीच्या आधी ऐकले होते, चाचणी चालू असताना नव्हे.

संगीत आणि गणित एकाच वेळी चालू असताना काय घडते, हे समजण्यासाठी ‘कार्यकारी स्मृती’ ही संकल्पना उपयोगी पडते. हाती घेतलेले काम पुरे होईपर्यंत लागणारी माहिती मनात तात्पुरती धरून ठेवणारी ही व्यवस्था असून तिचे सर्वांत प्रसिद्ध प्रारूप ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी १९७४ मध्ये मांडले. ४८ गुणिले ७ हा गुणाकार तोंडी करताना ४० साती २८० ही संख्या मनातल्या मनात पुटपुटत टिकवावी लागते आणि मग तीत ५६ मिळवून ३३६ हे उत्तर येते. ही पुटपुट ज्या भागात चालते, त्याच भागात कानावर पडणारे शब्दही आपोआप शिरतात. सलामे आणि बॅडली यांच्या १९८९ मधील प्रयोगांत वाद्यसंगीतापेक्षा गायनाने अशा स्मरणात अधिक अडथळा आणला. अधिक विचार करायला लावणारा निष्कर्ष पेरहॅम आणि व्हिझार्ड यांनी २०११ मध्ये काढला: आवडते संगीत आणि नावडते संगीत या दोहोंनी स्मरणाचे सारखेच नुकसान केले. हे प्रयोग लहान याद्या क्रमाने आठवण्याचे होते, त्यामुळे ते संपूर्ण गणिताला जसेच्या तसे लागू करणे योग्य नाही; मात्र आवड हे व्यत्ययावरचे कवच ठरते, ही अनेकांची श्रद्धा त्यांच्यासमोर टिकत नाही.

मराठी घरांतील आवडींचा विचार केला तर ही गोष्ट आणखी स्पष्ट होते. गदिमा आणि सुधीर फडके यांच्या गीतरामायणातील छप्पन्न गीते ज्यांना जवळजवळ पाठ आहेत, त्यांच्या मनात पुढची ओळ गाण्याआधीच उमटते आणि समीकरणातील पद निसटून जाते. ख्यालात शब्द थोडे असतात, पण जाणकार श्रोता समेची वाट पाहत असतो, म्हणजे त्याचे अवधान तालाच्या आवर्तनात गुंतलेले असते. किशोरी आमोणकरांचा विलंबित ख्याल ‘पार्श्वभूमीला’ ठेवणे हा त्या गाण्यावरही अन्याय आहे.

तरीही गणिताची सगळी कामे सारखी नसतात. देवळाली येथे शाळेत शिकवणारे आणि पदव्युत्तर शिक्षण न घेता आयुष्यभर संख्यांचा शोध घेणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी १९४९ मध्ये मांडलेली ६१७४ या संख्येची क्रिया येथे उत्तम उदाहरण ठरते. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करावी आणि येणाऱ्या उत्तरावर हेच पुन्हा करावे. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते. ३५२४ पासून सुरुवात केल्यास ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२ आणि शेवटी ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. या वजाबाक्या कागदावर होतात, स्मृतीवर भार फारसा पडत नाही, आणि अशा सरावातील कंटाळा संतूर-बासरीने हलका होत असेल तर त्यात काही वावगे नाही. परंतु येणारी प्रत्येक वजाबाकी ९ ने का भागली जाते, असे विचारताच काम बदलते. उतरत्या क्रमाने अंक क, ख, ग, घ मानले तर वजाबाकी ९९९(क−घ) + ९०(ख−ग) इतकी येते, हे स्वतः शोधताना चार अक्षरे, त्यांची स्थानमूल्ये आणि युक्तिवादाची दिशा एकदम मनात धरावी लागते, आणि तेथे शांततेला पर्याय नाही.

अल्बमचा खरा उपयोग मात्र वेळ बांधून देण्यात आहे. १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने आणलेल्या दीर्घवादन तबकडीच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटांचे संगीत मावू लागले, आणि तेवढ्या अवधीत एक सलग रचना उभी करण्याची रीत त्यातून रुजली. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काब्रा यांचा १९६७ मधील ‘कॉल ऑफ द व्हॅली’ हा काश्मीरमधील मेंढपाळाचा दिवस रागांतून मांडणारा शब्दविरहित अल्बम सुमारे चाळीस मिनिटांचा आहे. तो सुरू झाला की बैठक सुरू आणि संपला की बैठक पुरी, असा नियम केला तर घड्याळाकडे पाहावे लागत नाही. आपोआप पुढचे गाणे लावत राहणाऱ्या ॲपमध्ये हा शेवटच नसतो. एकाच दिवशी दीर्घकाळ घोकण्यापेक्षा विभागून केलेली उजळणी अधिक टिकते, हे एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच नोंदवले होते, आणि रोजच्या चाळीस मिनिटांचे मोल त्यातच आहे.

कापरेकरांची क्रिया तीन अंकी संख्यांवर केल्यास शेवटी ४९५ येते. वाचकांनी आजच्या बैठकीत आवडता वाद्यसंगीताचा अल्बम लावून चार-पाच संख्यांवर ती करून पाहावी, आणि ४९५ च का येते हे शोधायला घेताना तो बंद करावा.