पाटीतले परदेशी पाहुणे

पुण्याहून पौडच्या रस्त्याला लागलात, की चांदणी चौक, भूगाव, भुकूम मागे टाकून पिरंगुट येतं. एके काळी भातशेतीचं गाव, आता कारखान्यांचं. जवळून मुळा नदी वाहते, आणि पुढे गेलं की मुळशीचं मोठं धरण. एवढं पाणी जवळ म्हटल्यावर इथल्या बाजारातले गोड्या पाण्यातले मासे मुळेचेच असणार, असं तुम्हाला वाटेल. आता एकदा आईबाबांबरोबर जा आणि मासळीवाल्या मावशींना पाटीतल्या माशांची नावं विचारा. चिलापी, सायप्रिनस, रोहू, कटला... पुणे जिल्ह्यात कुठेही गेलात तरी हीच नावं जास्त ऐकू येतील. आणि गंमत म्हणजे यातला एकही मासा मूळचा मुळेचा नाही!

चिलापी हा आफ्रिकेतला. सायप्रिनस चीनकडचा. रोहू आणि कटला आहेत भारतातलेच, पण उत्तरेकडच्या गंगेचे. मग हे सगळे इथे आले कसे? पोहत तर नक्कीच नाही.

त्यांना माणसांनी आणलं, तेही चांगल्या हेतूने बरं का! एक निमित्त होतं डासांचं. हिवताप पसरवणाऱ्या डासांच्या अळ्या खाणारा गॅम्बुशिया नावाचा चिमुकला मासा १९२८ साली इटलीतून भारतात आणला गेला. तो तरी इटलीचा कुठे? मूळचा अमेरिकेतला! पुढे देश स्वतंत्र झाला तेव्हा प्रश्न होता अन्नाचा. लोकांना स्वस्तात पोषक खाणं हवं होतं. म्हणून १९५२ साली चिलापी आला. १९५७ मध्ये बँकॉकहून सायप्रिनस आला. १९५९ मध्ये जपानहून चंदेरा आणि हाँगकाँगहून गवत्या आला. गवत्या पाण्यातलं गवत खातो, चंदेरा पाण्यातले सूक्ष्म जीव खातो. एकाच तळ्यात दोघांची भांडणं होत नाहीत, म्हणून मत्स्यशेती करणारे खूश.

या सगळ्यांत चिलापीची कथा फार मजेशीर आहे. मादी आपली अंडी चक्क तोंडात धरून ठेवते! पिल्लं बाहेर आली, तरी जरा धोका दिसला की पुन्हा आईच्या तोंडात शिरतात. बहुतेक माशांची अंडी दुसरे मासे खाऊन टाकतात. चिलापीची अशी वाचतात. शिवाय काही महिन्यांतच पिल्लू मोठं होऊन स्वतः अंडी घालायला लागतं, आणि पाणी थोडं घाण असलं, तरी चिलापीचं काही अडत नाही. लवकरच लक्षात आलं, की तळ्यात चिलापीचीच गर्दी होते आणि बाकीच्यांना खायला उरत नाही. १९५९ साली त्याच्या प्रसारावर बंदी घालण्यात आली. पण तोवर उशीर झाला होता. नदीला काय कुलूप लावता येतं? आपली मुळा पुण्यात मुठेला भेटते, मुळा-मुठा भीमेला मिळते आणि भीमेवर उजनी धरण आहे. त्या उजनीतल्या चिलापीवर आज कितीतरी कोळी कुटुंबांची चूल पेटते. त्यामुळे त्याला नुसतं वाईट म्हणून मोकळं होता येत नाही.

पुढे पुढे या आयातीची तऱ्हाच बदलली. आधी मासे आणायचं ते सरकार, नोंद करून. नंतर ते चोरपावलांनी येऊ लागले. आफ्रिकेतला मोठा मांगूर बांगलादेशमार्गे असाच आला. हा भयंकर खादाड. लहान मासे, बेडूक, सडकं मांस, त्याला काहीही चालतं. सन २००० मध्ये सरकारने त्याच्यावर बंदी घातली. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणालाही त्यात लक्ष घालावं लागलं.

आयातीची तिसरी तऱ्हा हॉटेलात भेटते. काटा नसलेला पांढराशुभ्र ‘बासा’ तुम्ही खाल्ला असेल. तो व्हिएतनाममधल्या मेकाँग नदीच्या खोऱ्यात वाढतो आणि तुकडे करून, गोठवून खोक्यातून येतो. नदीच्या दृष्टीने हा पाहुणा सगळ्यात निरुपद्रवी, कारण तो पोटात जातो आणि तिथेच संपतो!

काचेच्या पेटीतला पाहुणा मात्र संपत नाही. काच चाटून साफ करणारा ‘सकर’ दुकानातून आणताना बोटाएवढा असतो. हा दक्षिण अमेरिकेतला. तो वाढता वाढता हातभर होतो, मग घरचे कंटाळतात आणि ‘जाऊ दे बिचारा’ म्हणून त्याला नदीत सोडून येतात. त्याच्या काटेरी परांनी कोळ्यांची जाळी फाटतात आणि बाजारात त्याला कोणी विचारत नाही. घरी असा मोठा झालेला सकर असेल, तर आधी मासे विकणाऱ्या दुकानदारालाच विचारा. काही जण परत घेतात.

मग मुळेचे स्वतःचे मासे कोणते? दोनशे वर्षांपूर्वी कर्नल साइक्स नावाचा इंग्रज अधिकारी दख्खनमध्ये फिरत होता. कोळ्यांनी पकडलेले मासे पाहायचा आणि त्यांची नावं ऐकून लिहून घ्यायचा. १८३९ साली त्याने हे मासे जगापुढे मांडले, तेव्हा शास्त्रीय नावांतही इथलेच शब्द घातले. खुद्री, कोळस, मल्या, फुलंगी! एका माशाच्या नाकाडाची ठेवण विचित्र होती, त्याचं नाव ‘नुक्टा’. तुम्ही ओळखलंच असेल, आपला नकटा! जगातला कुठलाही शास्त्रज्ञ आज हे शब्द उच्चारतो. पण पिरंगुटच्या बाजारात ते ऐकू येणं अवघड.

यातला खुद्री म्हणजे दख्खनचा महसीर. साइक्सला तो पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळाला होता. मोठमोठ्या खवल्यांचा, ताकदवान मासा. त्याला वाहतं, स्वच्छ पाणी आणि तळाशी दगडगोटे लागतात. धरणांनी नदीचा प्रवाह अडवला, शहरांनी तिच्यात सांडपाणी सोडलं, मग त्याने जायचं कुठे? मला विचाराल, तर चिलापीने महसीरला हरवलं असं नुसतं म्हणणं बरोबर नाही. नदी आधी आपण बदलली, आणि बदललेल्या नदीत राहणं चिलापीला जमलं.

महसीर वाचवायला टाटा कंपनीने लोणावळ्याजवळ वळवणला त्याची पैदास सुरू केली. लाखो पिल्लं तयार झाली आणि इतर राज्यांनाही दिली गेली. काही दक्षिणेत कावेरी नदीत सोडली गेली. तिथे आधीपासून राहत होता पाठीवर उंचवटा असलेला कावेरीचा स्वतःचा महसीर, जगात दुसरीकडे कुठेही न सापडणारा. आपला महसीर तिथे झपाट्याने वाढला. कावेरीचा महसीर मात्र कमी कमी होत गेला, आणि २०१८ पासून त्याचं नाव अतिसंकटग्रस्त प्राण्यांच्या जागतिक यादीत आहे. कावेरीकाठच्या मुलांना विचारलंत, तर त्यांच्याकडचा नको असलेला पाहुणा आपल्या पुण्याचा!