विश्लेषण : पंच कार्ड ते फ्लॅश… बँकेतील तुमची नोंद नेमकी राहते कुठे?

राजगुरुनगरहून चाकणच्या कारखान्यात जाणाऱ्या कामगाराचा पगार खात्यात जमा होतो. त्यातून विम्याचा हप्ता आणि घरकर्जाचा ईएमआय वळता होतो, मोबाइलवर संदेश येतो. या सगळ्यात एकही नोट हलत नाही. बदलते ती केवळ नोंद. ही नोंद वीस-पंचवीस वर्षे जशीच्या तशी टिकवण्याचे तंत्र मुख्यतः मेनफ्रेम संगणकांच्या साठवण यंत्रणांतून घडत गेले. ते कसे बदलले आणि आजचा धोका कोणता, याचा आढावा.

मेनफ्रेम म्हणजे काय?

एकाच वेळी हजारो व्यवहार न थांबता हाताळणारा मोठा संगणक म्हणजे मेनफ्रेम. बँका, विमा कंपन्या आणि विमान कंपन्यांसाठी तो वापरला जातो. आजच्या आयबीएम मेनफ्रेमचे मूळ ७ एप्रिल १९६४ रोजी जाहीर झालेल्या ‘सिस्टिम/३६०’ मालिकेत आहे. भारतातील बहुतेक बँकांचे कोअर बँकिंग मेनफ्रेमवर नव्हे, तर युनिक्स किंवा लिनक्स सर्व्हरवर चालते. मात्र नोंदी जपण्याच्या ज्या पद्धती हे सर्व्हर वापरतात, त्यांतील अनेक मेनफ्रेमच्या जगात आधी रुजल्या.

सुरुवातीला नोंदी कशावर ठेवत?

पुठ्ठ्याच्या पंच कार्डवर. कार्डाला पाडलेल्या भोकांतून आकडे किंवा अक्षरे नोंदवली जात. १८९० च्या अमेरिकी जनगणनेत हर्मन हॉलरिथ यांनी ही पद्धत वापरली. पुढे रूढ झालेल्या कार्डात ८० रकाने असत, म्हणजे एका कार्डावर जास्तीत जास्त ८० अक्षरे. १९५० च्या दशकात चुंबकीय टेप आली. हजारो कार्डांचा मजकूर एका रिळावर मावू लागला, पण अडचण कॅसेटसारखीच होती. पाचवे गाणे ऐकायचे तर आधीची चार पुढे सारावी लागत. त्यामुळे दिवसभराचे व्यवहार गोळा करून रात्री एकदम चढवले जात आणि खात्यातील शिल्लक दुसऱ्या दिवशी कळे.

आयुर्विमा महामंडळ १ सप्टेंबर १९५६ रोजी स्थापन झाले. त्या दशकाच्या अखेरीस महामंडळात कार्डांवर चालणारी यंत्रे आली आणि १९६४ मध्ये संगणक. कार्डांची जुनी यंत्रे मात्र १९८० च्या दशकात बाद झाली. १९६० च्या दशकात घेतलेल्या पॉलिसीची मुदत संपेपर्यंत तिची नोंद ठेवणारे साधनच बदललेले होते. पॉलिसी टिकली, कारण कुणीतरी ती नोंद जुन्या साधनावरून नव्या साधनावर नेली.

डिस्कने काय बदलले?

महामंडळ स्थापन झाले त्याच महिन्यात, सप्टेंबर १९५६ मध्ये, आयबीएमने ‘रॅमॅक’ हा संगणक जाहीर केला. त्याच्या साठवण कपाटात दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या होत्या. कपाटाचे वजन सुमारे एक टन आणि क्षमता ५० लाख अक्षरांची. आजच्या १२८ जीबी मोबाइलएवढी जागा हवी असती, तर अशी सुमारे २५ हजार कपाटे लागली असती.

तरीही त्या कपाटाने एक मोठी गोष्ट शक्य केली. हवी ती नोंद, आधीच्या नोंदी न चाळता, थेट वाचता येऊ लागली. ग्राहक खिडकीसमोर उभा असताना त्याची शिल्लक सांगण्याची वाट इथून खुली झाली. क्षमताही वाढत गेली. १९७० मधील ‘३३३०’ या डिस्कच्या एका संचात १०० एमबी, तर १९८० मधील ‘३३८०’ मध्ये सुमारे अडीच जीबी मावू लागले.

‘वायटूके’चा साठवणुकीशी काय संबंध?

थेट संबंध होता. कार्डावर रकाने मोजके आणि डिस्क महाग, म्हणून १९६५ हे वर्ष नुसते ६५ असे लिहिले जाई. प्रत्येक नोंदीत दोन अक्षरे वाचत. साधने बदलली तरी ही सवय कोबोल भाषेतील कार्यप्रणालींत तशीच राहिली आणि २००० साल जवळ येताच ००चा अर्थ १९०० की २०००, असा पेच उभा राहिला. परदेशी बँकांच्या आणि विमा कंपन्यांच्या मेनफ्रेमवरील अशा कार्यप्रणाली तपासण्याचे मोठे काम भारतीय कंपन्यांना मिळाले. मुंबई-पुण्यातील अनेक मराठी अभियंत्यांची आयटीतील सुरुवात याच कामातून झाली. साठवण यंत्रणांचे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या व्हेरिटाससारख्या कंपन्यांनीही पुढे पुण्यात विकासकेंद्रे चालवली.

मोठ्या डिस्कची जागा छोट्या डिस्कने कशी घेतली?

मोठी, महाग डिस्क बिघडली की काम थांबे. १९८८ मध्ये बर्कले विद्यापीठातील डेव्हिड पॅटर्सन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी ‘रेड’ ही कल्पना मांडली. स्वस्त, छोट्या डिस्कचा समूह करायचा आणि माहिती अशी विभागायची की एक डिस्क गेली तरी उरलेल्यांवरून ती पुन्हा उभी करता येईल. १९९० मध्ये ईएमसी कंपनीने ‘सिमेट्रिक्स’ ही २४ जीबीची यंत्रणा आणली. छोट्या डिस्कची ही यंत्रणा मेनफ्रेमला मात्र नेहमीची मोठी डिस्कच भासे.

ही युक्ती आजही चालू आहे. मेनफ्रेम अजूनही १९८९ मधील ‘३३९०’ या डिस्कच्या भाषेतच बोलतो. समोर प्रत्यक्षात फ्लॅश चिप असतात आणि एकही तबकडी फिरत नसते. जुन्या कार्यप्रणाली नव्याने न लिहिता चालू राहतात, त्या यामुळेच.

दुसरी प्रत कुठे असते?

आग, पूर किंवा भूकंप झाला तर अख्खे केंद्रच बंद पडू शकते. म्हणून बँका दुसऱ्या ठिकाणी पर्यायी केंद्र ठेवतात. पुण्याएवढ्या, म्हणजे राजगुरुनगरपासून सुमारे ४० किलोमीटरवरच्या केंद्रात प्रत्येक नोंद त्याच क्षणी लिहिता येते. दोन्हीकडे नोंद झाल्यावरच ‘व्यवहार पूर्ण’ असा निरोप जातो. अंतर वाढले की मात्र वेळ लागतो. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो, त्यामुळे १०० किलोमीटरवर जाऊन परतण्यास सेकंदाचा हजारावा भाग लागतो. दिवसाला लाखो व्यवहार असतील तर तोही जाणवतो. म्हणून दूरच्या शहरातील प्रत काही क्षण मागे ठेवली जाते. मोठ्या आपत्तीत तेवढ्या क्षणांच्या नोंदी हुकण्याची शक्यता उरते.

मग आजचा धोका कोणता?

दुसरे केंद्र हा आरसा आहे. मूळ नोंद चांगली असेल तर आरशात चांगली दिसते. मूळ नोंद कुणी बिघडवली तर बिघाडही तितक्याच इमानाने उमटतो. रॅन्समवेअरने मूळ डिस्कवरील माहिती कुलूपबंद केली, तर काही क्षणांत दुसरी प्रतही कुलूपबंद होऊ शकते.

हा धोका लहान बँकांनाही आहे. जुलै २०२४ च्या अखेरीस सहकारी आणि ग्रामीण बँकांना तंत्रसेवा देणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीजच्या काही यंत्रणांवर रॅन्समवेअर हल्ला झाला. एनपीसीआयने खबरदारी म्हणून कंपनीला पेमेंट जाळ्यापासून तात्पुरते वेगळे केले. त्या काळात संबंधित बँकांच्या ग्राहकांचे यूपीआय आणि एटीएम व्यवहार अडले. दुसऱ्या दिवशी जोडणी पूर्ववत झाली.

यावर उपाय आहे तो न बदलता येणाऱ्या प्रतीचा. ठरावीक वेळाने घेतलेली अशी प्रत मुदत संपेपर्यंत कुणालाही, अगदी बँकेच्या तंत्रज्ञालाही, बदलता किंवा पुसता येत नाही. दुसरा उपाय जुनाच आहे. जाळ्यापासून तोडून कपाटात ठेवलेल्या टेपपर्यंत हल्लेखोर पोहोचू शकत नाही. त्यामुळे सत्तर वर्षांनंतरही टेप बाद झालेली नाही.

खातेदाराने काय पाहावे?

पासबुक वेळेवर भरून घ्यावे, खात्याचा वार्षिक उतारा डाउनलोड करून ठेवावा, विम्याच्या हप्त्यांच्या पावत्या जपाव्यात. वाद झाला तर आपल्या हातातला पुरावा उपयोगी पडतो.

सहकारी बँकेचा सभासद आणखी एक गोष्ट करू शकतो. वार्षिक सर्वसाधारण सभेत लाभांशाबद्दल प्रश्न विचारले जातातच. त्यांच्या जोडीला आणखी दोन विचारावेत : न बदलता येणारी प्रत आपली बँक ठेवते का? आणि त्या प्रतीवरून सगळी खाती पुन्हा उभी करण्याची चाचणी शेवटची कधी घेतली? दुसऱ्या प्रश्नाला तारखेसह उत्तर मिळाले पाहिजे. चाचणी न घेतलेली प्रत ऐन वेळी चालेल, याची खात्री देता येत नाही.